शेवटच्या थांब्यावर बारा मिनिटं

चार वर्षं आमच्या घरात अशी समजूत होती की पायलटची कंबर दुखते. ही समजूत खुद्द पायलटनेच करून दिलेली असल्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं कुणाला काही कारण नव्हतं.

पायलट म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो विमान नाही, बस चालवतो. अठ्ठेचाळीस नंबरची, तेवीस वर्षं. पण ब्रेक असा लावतो की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळत नाही, म्हणून डेपोत त्याला हे नाव पडलं. मी त्याच बस कार्यालयात टाइमटेबल विभागात आहे. कोणती बस किती वाजता सुटेल आणि प्रत्यक्षात ती का सुटली नाही, या दोन्ही गोष्टी कागदावर आणणं हे माझं काम.

तर कंबर. पट्टा झाला, तेल झालं, कडक गादी झाली, मग मऊ गादी, मग गादीच नको म्हणून फळी. प्रत्येक नातेवाइकाने एकेक उशी आणून दिली. जेवायला आला की तो खुर्चीच्या कडेवर असा टेकायचा, जणू कुणीतरी आता उठा म्हणणारच आहे. माझी बायको म्हणायची, "अरे, नीट बस की." तो म्हणायचा, "बसलोय ना ताई." आणि उभा राहून जेवायचा.

कंबरेचे पाच डॉक्टर झाले. पाचव्याने सगळे फोटो उजेडासमोर धरले आणि म्हणाला, "ही कंबर माझ्यापेक्षा चांगली आहे. खरं दुखतं कुठे?"

"कंबरेत," पायलट म्हणाला.

डॉक्टरने एक चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला मोठ्या इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचा विभाग.

घाई होती, कारण ड्यूटीवर पाऊण तास झाला की त्याला गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागायला लागलं होतं. कार्यालयाने नोटीस दिली : दहा आठवड्यांनी वैद्यकीय मंडळासमोर हजर व्हा. मंडळाने नापास केलं की स्टिअरिंग जाणार आणि तो तळघरात, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसणार. दिवसभर छत्र्या मोजायच्या, आणि त्याही बसून. पायलटने नोटीस चार घड्या करून खिशात ठेवली. त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या गाडीचा विषय निघाला नाही.

"तुम्ही जा हो त्याच्याबरोबर," बायको म्हणाली. "एकटा गेला तर परत कंबरच दाखवून येईल." बहिणींना काही गोष्टी आधीपासून माहीत असतात. त्या फक्त योग्य वेळी आपल्याला कामाला लावतात.

चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खुर्च्या होत्याच, शिवाय भिंतीला छातीच्या उंचीची एक लांब फळी होती, कोपर टेकून उभं राहायला. एका कोपऱ्यात चटई. बहुतेक बायका होत्या. तीन-चार पुरुष होते, ते भिंतीवरची आग लागल्यास काय करावे ही सूचना अभ्यासाला लावल्यासारखी वाचत होते. पायलट खुर्चीकडे वळला, तशी फळीवर टेकलेली एक आजी म्हणाली, "पहिल्यांदा आलात वाटतं. उभे राहा खुशाल. इथे कुणी बसा म्हणून मागे लागत नाही."

पायलट फळीला टेकला. चार वर्षांत त्याला उभं राहण्याचं कारण न विचारणारी ती पहिली खोली असावी.

आत सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखा. पण त्या खिडकीत उत्तर मिळत होतं, हा फरक. त्यांनी एक फॉर्म मला दिला, बरोबरच्या माणसाने भरायचा : नातं, पेशा, पत्ता. पायलटला एक कागद दिला, त्यावर माणसाची नुसती आकृती, पुढून आणि मागून. सोबत लाल पेन्सिल. "दुखतं तिथे रंगवा."

पायलटने इमानेइतबारे कंबर रंगवली. सिस्टरनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि दुसरा कोरा कागद पुढे केला.

"हे झालं चार वर्षं सगळ्यांना दिलेलं. आता एक तुमच्यासाठी काढा. भाऊजी, तुम्ही जरा कॅलेंडर बघा."

मी कॅलेंडर बघितलं. त्या महिन्यात पाच गुरुवार होते. पेन्सिलचा आवाज बराच वेळ आलाच नाही. मग आला, आणि पुष्कळ आला.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. शेजारणीने आज पाणी उशिरा येणार म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तितकंच. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. लघवीला जळजळतं का, थांबून थांबून होते का, संडासला जोर करावा लागतो का, बायकोजवळ जाताना दुखतं की नंतर. प्रत्येक अवयवाचं नाव त्यांनी गुडघा किंवा कोपर म्हणावं तसं घेतलं. मी कॅलेंडरवर पुढच्या महिन्यात गेलो. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पायलट मान हलवत होता, चौथ्यापासून बोलायला लागला आणि मग थांबेनाच. शेवटी म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं हे फक्त मलाच आहे."

"बाहेर ती सूचना वाचणारे तिघं आहेत ना," सिस्टर म्हणाल्या, "त्यांनाही तेच वाटतं. एकाच खोलीत उभे असतात रोज."

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात पाहिलेल्या कुठल्याही कार्यालयापेक्षा निराळे होते. डॉक्टर आल्या आणि त्यांनी घड्याळ न बघता तपासलं. चार वर्षांचे सगळे कागद वाचले. फाइलचं वजन करून परत करायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. म्हणाल्या, "गाठ नाही, जंतू नाहीत, काही वाईट नाही. आता नीट ऐका. तपासणीत काही सापडलं नाही, याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही." पायलटने खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग फिजिओबाई. तिशीतली, बारकी, पायात धावायचे बूट. त्यांनी परवानगी विचारून, पुढे काय करणार ते प्रत्येक वेळी आधी सांगून तपासलं आणि म्हणाल्या, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तुमची झोळी कित्येक वर्षं मूठ आवळल्यासारखी आवळलेली आहे. आता ती सोडायची कशी हेच विसरलीय. आणि तिथल्या नसा इतक्या जागत राहिल्यात की नुसतं बसलं तरी बोंब ठोकतात."

"बरं होईल?"

"कमी होईल. महिने लागतील. मी जादू करत नाही, व्यायाम करून घेते. ड्यूटीवर पाणी किती पिता?"

"ड्यूटीवर? नाही पीत."

"लघवीला कधी जाता?"

"ड्यूटी संपल्यावर."

फिजिओबाईंनी वहीतून मान वर केली. "मला तुमची बस बघायचीय," त्या म्हणाल्या.

आणि खरंच आल्या. पुढच्या गुरुवारी, स्वतःच्या सुटीच्या दिवशी, बरोबर पाण्याची बाटली आणि वही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर त्या बसल्या, शेजारी मी. पंचावन्न मिनिटांच्या फेरीत त्यांनी बाहेरचं काहीही पाहिलं नाही. पायलटच्या मानेकडे बघत टिपणं काढत होत्या. "बघा, ब्रेकच्या आधी खांदे वर. श्वास बंद. जबडा घट्ट. प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून सगळा धक्का हे स्वतःच्या तळाशी घेतात." ज्या ब्रेकचं आम्ही तेवीस वर्षं कौतुक केलं, त्याचा हिशेब खाली कुठेतरी लागत होता, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली. रस्त्यापलीकडे बाजाराची इमारत, तिच्या मागच्या बाजूला स्वच्छतागृह. फिजिओबाई घड्याळ लावून चालत गेल्या आणि चालत आल्या.

"जायला चार, यायला चार. इथे गाडी किती थांबते?"

"तीन मिनिटं," पायलट म्हणाला.

"तीन? हे ठरवलं कुणी?"

पायलटने समोरच्या काचेतून सरळ बघितलं. "येतं तसं वरून," तो म्हणाला.

वरून म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून. खिडकीजवळचं टेबल, माझं. नऊ वर्षांपूर्वी मी त्या थांब्यावरची दहा मिनिटं तीनवर आणली होती आणि त्यातून दिवसाला दोन फेऱ्या जास्त काढल्या होत्या. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे. खिळा पायलटने ठोकला होता. मला भिंतीत खिळा धड ठोकता येत नाही. पायलटला हे सगळं माहीत होतं आणि तो काचेतून बघत होता. मीही बाजाराच्या इमारतीकडे बघितलं. इमारत चांगली होती.

पुढच्या भेटीत त्याच्या हातात चिठ्ठी पडली. एक गोळी, कमी मात्रेची. पोटातून श्वास घेण्याचे व्यायाम, दिवसातून तीनदा. मंगळवारी समुपदेशकाकडे, बायकोसह. मधे खाच असलेली उशी. आणि पाचव्या ओळीत : अठ्ठेचाळीस नंबर, शेवटच्या थांब्यावर बारा मिनिटं, प्रत्येक फेरीला. पायलट व्यायामाला आत गेला, तेव्हा सिस्टरनी मला थांबवलं.

"तुम्ही टाइमटेबल विभागात ना?"

फॉर्मवर मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं.

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"ते कशाला सांगतील. ते तुमच्यासाठीसुद्धा ब्रेक जपूनच लावतात." त्यांनी चष्मा वर केला. "चूक काढायला विचारत नाहीये मी. स्नायू बदलायला महिने लागतात. टाइमटेबल कागद आहे. आधी सोपं काम उरकू या, इतकंच."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. इतक्या नीट घडी घालून कुणी हातात दिली नव्हती.

मंडळाच्या दिवशी टेबलामागे तिघं होते : कार्यालयाचे डॉक्टर, वाहतूक अधिकारी आणि प्रशासनाचे एक साहेब, जे कुठल्याही मंडळावर असतातच. फिजिओबाई कागद घेऊन आल्या होत्या, पण सिस्टरनी पायलटला बजावलं होतं, "कागद आम्ही देऊ. वाक्य तुम्हीच बोलायचं." त्याने ते आदल्या दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर सहा वेळा म्हणून बघितलं होतं. पहिल्या वेळी आम्ही दोघंही चहात बघत होतो. सहाव्या वेळी मी साखर मागितली.

"काय त्रास?" साहेबांनी विचारलं.

"बसायच्या जागी दुखतं, साहेब. दोन पायांच्या मधे, आतून. चार वर्षं झाली. कंबर नाही."

वाहतूक अधिकारी पेनाचं टोपण तपासू लागले.

"मग इतकी वर्षं कंबर का सांगितली?"

"कंबर सांगितली की लोक उशी देतात, साहेब. हे सांगितलं की हसतात."

कुणी हसलं नाही. फिजिओबाईंनी कागद पुढे सरकवला. दोन महिन्यांत काय झालं ते त्यात होतं : बसण्याचा वेळ पाऊण तासावरून दोन तासांवर, दुखणं दहापैकी आठावरून पाचावर. साहेब सोबतच्या चिठ्ठीच्या पाचव्या ओळीवर अडले.

"औषधाच्या चिठ्ठीवर बसचा नंबर?"

"दुखणं तिथे तयार होतं, साहेब," फिजिओबाई म्हणाल्या. "मी इस्पितळात महिनाभर सोडवते, ते तीन फेऱ्यांत परत आवळतं."

"पण हे टाइमटेबल आदर्श म्हणून गौरवलेलं आहे. विभागाचा अभिप्राय मागवला होता ना?"

मागवला होता. तो लिहायला मला तीन दिवस लागले, कारण फॉर्मवर दुरुस्तीचं कारण या रकान्यात फक्त रस्त्याचं काम, गर्दी आणि इतर एवढेच पर्याय होते. साहेबांनी तो मोठ्याने वाचला : "'इतर. तीन मिनिटांत स्वच्छतागृहात जाऊन परत येणे शक्य नाही. सदर वेळ प्रस्तुत लेखनिकाने तिथे स्वतः चालून न पाहता ठरवली होती.' प्रस्तुत लेखनिक कोण?"

"मी," मी म्हणालो.

पायलटने माझ्याकडे वळून पाहिलं. एवढ्यासाठी कशाला, असा चेहरा होता त्याचा. मंडळाने आम्हाला बाहेर बसवलं. म्हणजे मला बसवलं. तो उभा राहिला.

निकाल अर्धा आला. तीन महिने अर्धी ड्यूटी, अठ्ठेचाळीस नंबरवर बारा मिनिटं प्रायोगिक तत्त्वावर, मग पुन्हा मंडळ. छत्र्यांची खिडकी तूर्त टळली. जिना उतरताना वाहतूक अधिकारी मागून आले आणि फिजिओबाईंना हळूच विचारलं, "तो विभाग कितव्या मजल्यावर म्हणालात?" त्या म्हणाल्या, "चौथ्या. लिफ्ट आहे." आणखी काही विचारलं नाही त्यांनी. त्या विभागाची ही रीतच असावी.

दुखणं गेलेलं नाही. वाईट दिवस येतात, त्या दिवशी तो सिस्टरना फोन करतो आणि त्या उचलतात, हेही मी इस्पितळांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं. अठ्ठेचाळीस नंबर हळू झाली अशा अकरा तक्रारी आल्या आहेत. त्या माझ्याच टेबलावर येतात; मी प्रत्येकीला क्रमांक देऊन व्यवस्थित लावून ठेवतो.

परवा सकाळी मुद्दाम त्याच्या गाडीने गेलो. सुटायला दोन मिनिटं होती. पायलट खाच असलेल्या उशीवर बसला, खांदे खाली सोडले, पोटातून एक श्वास घेतला. मग सीटच्या बाजूची बाटली उघडली आणि सगळ्या प्रवाशांदेखत, मान मागे टाकून, अर्धी बाटली पाणी प्यायला.

"भाऊजी, सुटायची वेळ झाली का?"

"एक मिनिट आहे," मी म्हणालो. "सावकाश पी."