तो उतरेपर्यंत

बाबांना खोटं बोलता येत नाही, आणि तरी बोलतात. त्या रात्री आईच्या उशाशी बसून म्हणाले, "अगं, निघाला बरं का बाळ्या. विमानात बसलासुद्धा."

मी सूपची वाटी घेऊन खोलीत येत होते. ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाळ्या, माझा धाकटा भाऊ, कुठला निघतोय! दुपारीच फोनवर म्हणाला होता, रजा मिळत नाही. आणि आईला बरं वाटावं म्हणून बाबांनी नेमकी तीच थाप मारली, जी या घरात कुणी मारू नये.

कारण बाळ्या हवेत असला की आई जेवत नाही. तो पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा विमान वादळात सापडलं होतं, आणि आई त्याच वेळी जेवायला बसली होती. बातमी कळताच हातातला घास तिने खाली ठेवला, तो त्याचा फोन आल्यावरच उचलला. तेव्हापासून हा नेमच झाला. दोन विमानतळांमधलं अंतर साडेसात हजार किलोमीटर, नऊ तासांचा प्रवास. नऊ तास तोंडात पाणीसुद्धा नाही. आम्ही चेष्टा करायचो, "पायलटला तरी जेवू देतेस ना गं?"

आता मात्र ती चार चमचे सूप आणि हृदयाच्या गोळ्यांवर तगून होती. सलाइन लावायला हातात शीर उरली नव्हती. आणि तिने ओठ गच्च मिटून घेतले.

"अगं, थाप मारली मी," बाबा काकुळतीला आले.

"मला खायला घालायला काहीही बोलाल तुम्ही," आई म्हणाली.

सकाळ झाली. "उतरला बघ," मी म्हटलं.

"दे फोन. त्याच्या तोंडून ऐकते."

बाहेर जाऊन फोन लावला. उतरलो म्हण, एवढंच त्याला सांगायचं होतं. फोन बंद. मग त्याचा मेसेज दिसला, तासाभरापूर्वीचा. "ताई, नोकरी गेली खड्ड्यात. बसतोय विमानात. आईला मात्र सांगू नकोस, जेवायची नाही."

आत आले तर आईने तोंडाकडे बघूनच ओळखलं. "बंद आहे ना? म्हणजे अजून वरच आहे."

"निघालाच नाही तो. तिकडे घरीच झोपला असेल."

"मी अशी पडलेली असताना फोन बंद करून झोपेल का तो?"

मला संताप आला. बाबांचा, बाळ्याचा, तिचाही. "मरशील ना गं अशाने!" मी ओरडले. "तो उतरेल आणि तू नसशील!"

"उतरेल ना?" ती म्हणाली. "मग झालं."

गोळी तिने जिभेने बाहेर ढकलली. डॉक्टर आले, दोन्ही हातांना सुया टोचून पाहिल्या, शीर सापडली नाही. दुपारी ती गेली. बाबा कितीतरी वेळ तिच्या कानाशी "थाप होती गं, थाप होती" म्हणत राहिले, आणि मी त्यांच्यावर खेकसले की पुरे करा आता.

संध्याकाळी, घर शेजाऱ्यांनी भरलेलं असताना, फोन वाजला.

"ताई, उतरलो! आता सांग तिला. आणि आधी काहीतरी भरव, मी तासाभरात पोचतोच."

बाबा माझ्याकडे बघत होते.

"भरवते," मी म्हटलं. "तू सावकाश ये."