पतंगी कागदाचं देवक

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाच्या खांबाला कुळाची खूण बांधतात, तिला देवक म्हणतात. कुणाचं कळंबाचं पान, कुणाचं मोरपीस. दोन्हीकडचं एकच निघालं तर नवरानवरी बहीणभाऊ ठरतात आणि आचारी चूल विझवतो.

टेंभुर्णीच्या रखमाजीकडं देवक कागदाचं असे. निजामाच्या अमलातल्या कुठल्याशा दुष्काळात म्हणे झाडाला पान नव्हतं नि रानात मोर नव्हता, म्हणून कुणीतरी पतंगी कागद दुमडून देवक कात्रीनं कापलं. पुढं पाऊस पडला, पण रीत पडली ती पडली. कापायची रखमाजीची थोरली बहीण, झुंबरबाई. ती माघात वारली आणि वैशाखात रखमाजीच्या लेकीचं, सोनूबाईचं लग्न निघालं.

सोयरीक जुळताना रखमाजीनं सांगितलं, "आमचं देवक कागदाचं." हसनाबादकरांचं मोरपीस. कागद नि पीस वेगळे, म्हणून सगळे खूश. नवरा बद्रीनाथ सोनूबाईला पसंत होता. हे ती कुणाशी बोलली नव्हती, त्यामुळं आख्ख्या आळीला ठाऊक होतं.

मांडवात नवऱ्याचा चुलता कडूबा यानं विचारलं, "कागदाचं म्हंजे कशाचं?"

घरात कुणालाच सांगता येईना. ट्रंकेतून झुंबरबाईच्या वेळचा एक जुना कागद निघाला.

"हे मोरपीसच हाये," कडूबा म्हणाला. "हा बघा डोळा."

"डोळा न्हाई तो," रखमाजी म्हणाला. "कसरीनं खाल्लंय."

"कसर इतकं गोल खाती व्हय?"

"आमच्या घरातली खाती."

"मंग लग्न बंद. बहीणभावाचं लग्न लावायला आल्तो का मी?"

आळीत चष्मा माझा एकट्याचा, म्हणून कागद माझ्याकडं आला. मी तो उजेडाला धरला. सुलटा धरला तर पान, उलटा धरला तर पीस. मग सुलटा कुठला, हेच कळेना.

"चष्मा काढून बघा की," कडूबा म्हणाला.

काढला, तर केरसुणी दिसली. हे मी बोललो नाही. केरसुणीचं देवक माझ्या ऐकिवात नव्हतं.

एवढ्यात सोनूबाई बाहेर आली. नवरीनं सासरच्या चुलत्यापुढं असं येऊ नये, म्हणून सगळ्यांनी ती दिसलीच नाही असं केलं. तिनं कोरा कागद दुमडला. कात्री जागची हलू दिली नाही, कागदच फिरवत राहिली. मग घडी उलगडली. कळंबाचं पान, शिरांसकट.

"आत्याबाईनं असंच शिकवलंय," ती बापाला म्हणाली.

कडूबानं पान उलटसुलट करून पाहिलं. "बराबर हाये. असं साफ कापायचं ना मंग पहिलंच." आणि जेवणाचं विचारायला लागला.

पंचमीला सोनूबाई माहेरी आली, तेव्हा मी तिला गाठलं. "खरं सांग, आत्यानं पान शिकवलं का पीस?"

"पानच, काकासाहेब. पण तिचा हात तसला. काय बी कापू द्या, मोरपीसच निघायचं."

"मग तुमचं देवक कुठलं?"

"आता तर कळंबाचंच की," ती म्हणाली आणि झोक्याकडं निघून गेली.

जुना कागद माझ्याकडंच राहिला. रखमाजी मागत नाही, मी देत नाही. अधूनमधून उजेडाला धरतो. परवा त्यात चक्क झुंबरबाई दिसली. पण तेव्हा तो आडवा धरला होता.