न वाळणारं चित्र

दुपारपासून धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. चित्र पुरं झालं होतं, संध्याकाळी टेम्पो येऊन ते प्रदर्शनाच्या हॉलवर नेणार होता. आता हात धुऊन निवांत चहा घ्यायचा, तर ही बया दोन मिनिटं खुर्चीत बसे की पुन्हा उठे. चित्रापुढे जाई, मान तिरकी करी, परत येई. काहीतरी चुकलं होतं. काय, ते मात्र हाती लागत नव्हतं.

धाकटी बातम्यांच्या चॅनेलमध्ये मेकअप करायची. संपत आलेल्या लिपस्टिका, फुटलेल्या पावडरी, तुटक्या पेन्सिली टाकून द्यायच्या ऐवजी ती डब्यात भरून घरी आणी. लिपस्टिक म्हणजे शेवटी काय, मेण, तेल आणि रंग. चमच्यात घेऊन जरा ऊब दिली की पातळ होते, फळीवर हवी तशी पसरते. वर पावडर चोळली की कातडीसारखी दिसते. तिची खोड एकच, ती वाळत नाही. वर्षानं बोट लावलंत तरी बोटाला रंग येणारच.

या रंगांनी तिनं लाकडी फळीवर काढलं होतं आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला.

ताईच्या डाव्या गालावर जन्माचं लासं होतं, कानापासून हनुवटीपर्यंत, जांभळट तांबडं. घरातल्या एकूण एक फोटोत तिचा उजवाच गाल दिसतो. फोटो काढताना आई म्हणायचीच, "तू जरा तिरकी उभी राहा गं." पुढे ताई एका दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर बसू लागली आणि रोज सकाळी त्या डागावर कन्सीलरचा थर देऊनच घराबाहेर पडू लागली. तो थर कसा द्यायचा, हे शिकवलं होतं धाकटीनंच.

म्हणून तर धाकटी तिला म्हणाली होती, "ज्यानं तू झाकतेस ना, त्यानंच मी दाखवते."

ताईनं बरेच दिवस टोलवाटोलवी केली. मग एकदा म्हणाली, "काढ बाई. पण आधी मी बघणार. नाही पटलं तर ते या घराबाहेर जाणार नाही."

दारावरची बेल वाजली. धाकटी दचकलीच.

"पाणी दे आधी," ताई आत येत म्हणाली. "तुमची लिफ्ट आहे की रुसलेला जावई? कधी बघावं तर बंद."

पाणी पिऊन ती चित्रापुढे उभी राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. शेजारणीच्या नव्या पडद्यांना म्हणावं तसं. "कोण आहे ही?"

"ताई, चेष्टा नको हं."

"चेष्टा कसली? डोळे माझे, नाक माझं. माझा गाल कुठाय?"

धाकटी पुढे झाली. गालावर होती नुसती गुलाबी झाक, उन्हातून आल्यावर येते तशी. दुपारभर काय टोचत होतं ते आता डोळ्यांसमोर होतं.

"मी काढलं होतं गं! पहिल्याच दिवशी. चांगलं गडद."

"मग गेलं कुठे? पाय फुटले?"

धाकटीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मेकअपवाल्यांचं करंगळीशेजारचं बोट फार हळवं. कुठे रंगाची कड दिसली की ते आपोआप पुढे होतं आणि कड विरवून टाकतं. रोज जाता-येता, कुठे जरा ठळक वाटलं म्हणून, त्या बोटानं ताईचं लासं थोडं थोडं करून पुसून टाकलं होतं.

"सवयीनं झालं, ताई."

"आईचं मी समजू शकते," ताई सावकाश म्हणाली. "तिला लोकांची भीती. पण तुलाही बघवलं नाही का गं, छोटे?"

धाकटीनं खिडकी उघडली, लगेच लावली, पुन्हा उघडली.

"नसेल बघवलं," ती अखेर म्हणाली. "मला खरंच कळत नाही. पण हे असं मी पाठवणार नाही."

क्रीम लावलेल्या कापसानं तिनं चित्रातला गाल लाकडापर्यंत पुसून काढला. चमच्यात गडद लिपस्टिकचा तुकडा घेतला, त्यात भुवयांची पेन्सिल किसली. आणि हात तसाच राहिला.

"आता काय?"

"त्याची कड कशी आहे तेच आठवत नाही. कितीतरी वर्षांत मी पाहिलंच नाही ते."

ताईनं कापूस उचलून आपला गाल पुसला. एकदा, दोनदा, थर निघेपर्यंत. मग खुर्ची उजेडात ओढून बसली, डावा गाल पुढे करून.

"बघ. आणि लवकर आटप, मला कसंतरीच होतंय."

धाकटी काढू लागली. कानाजवळ नागमोडी, हनुवटीशी तुटक. पहिली कड उमटली आणि बोट शिवशिवलंच.

"ए! निघालं बघ तुझं बोट." ताईनं केसांतला रबर काढला आणि ते बोट करंगळीशी करकचून बांधून टाकलं. "हां. आता काढ."

लासं पुरं होतंय तोच टेम्पोवाला जुनी चादर घेऊन दारात आला. "यात गुंडाळतो, म्हणजे धूळ नको बसायला."

"अहो नको, ओलं आहे!" धाकटी ओरडली.

"मग वाळेस्तोवर थांबतो की."

"ते वाळत नाही."

"मग असंच उघडं न्यायचं? भर रस्त्यातून?"

धाकटीनं ताईकडे पाहिलं. बांधलेलं बोट रबराखाली तडफडत होतं. ताईचा हात पर्सकडे गेला होता, कन्सीलरच्या डबीवर. क्षणभर तो तिथेच राहिला. मग तिनं चेन ओढून पर्स बंद केली.

"उघडंच न्या," ती म्हणाली. "आणि त्याच्याशेजारी माझ्यासाठी जागा करा. हात लागू नये म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना."