आखाजीचे गेंडे

मृणालीच्या कानात गेंडे लटकायला लागले तेव्हापासून तिची मान जरा जास्तच ताठ झाली होती. आधीची मृणाली म्हणजे वर्गात हजेरी द्यायलासुद्धा शेजारणीला कोपराने ढोसणारी. मग नववीतल्या दिवाळीत देवघर घासताना तिला चार आण्याचं जुनं स्टीलचं नाणं सापडलं, त्यावर चिलखत घालून लढाईला निघाल्यासारखा गेंडा. तिने तो तारेत अडकवून कानात घातला, आणि जळगावच्या पिंप्राळ्यातल्या सगळ्या मैत्रिणी "मला पण, मला पण" करत मागे लागल्या. झालं. घोड्याचा पैसा, बैलाचा आणा, जिथे जनावर तिथे मृणाली. रिक्षावाल्या काकांनासुद्धा ती विचारायची, "काका, घरी एखादा गेंडा पडलाय का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती धुळ्याजवळ आईच्या माहेरी आली. आखाजी म्हणजे खानदेशात दिवाळीहून काकणभर जास्तच. बायकांना झोके, पोरींना गौराई, पुरुषांना पत्ते. शिवाय तिन्हीसांजेला नाल्याच्या दोन काठांवर दोन आळ्यांच्या पोरी उभ्या राहतात आणि एकमेकींचा रीतसर उद्धार करतात. त्या दिवशी त्याला कोणी शिवी म्हणत नाही. मृणाली दरवर्षी मागच्या रांगेत, मामेबहिणीच्या ओढणीआड. पलीकडची सारिका दरवर्षी ओरडायची, "यंदाबी ती जळगावची मुकी आणली का गं?" यंदा मात्र पुढच्या रांगेत उभं राहायचं आणि तोंड उघडायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी तिला गळाभर हार हवा होता. हार असला की आवाज आपोआप निघेल, असा तिचा हिशेब.

आणि स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांमागे, एक पत्र्याचा डबा निघाला. आत गेंडेच गेंडे.

"मोठी माय, हे कोणाचे?"

आजी, म्हणजे रुक्माबाई, सांजोऱ्या तळत होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग बाहेर ओट्यावर पत्त्यांची गड्डी पुसत बसलेल्या नवऱ्याकडे, पितांबर नानांकडे पाहिलं.

"कोनाच नहीत. बठ्ठा ली जाय, पोरी."

मृणाली सगळा डबा घेऊन पळतच भूषणभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. स्टीलला भोकं पाडता पाडता त्यांच्या ड्रिलच्या दोन सुया मोडल्या. "तुझे गेंडे फार माजलेत," ते म्हणाले, पण पाडून दिली सगळी. रात्रीपर्यंत दोनपदरी हार झाला, मधोमध बैलाचा आणा. उरलेल्या गेंड्यांची कर्णफुलं आणि कडी झाली.

आखाजीच्या सकाळी पितांबर नानांनी डबा उघडला आणि आळी दणाणली.

"मना गेंडा कोठे गयात?"

गोष्ट अशी होती. पूर्वी नाना आणि त्यांचे मित्र आखाजीला खऱ्या पैशांनी खेळायचे. एका वर्षी झुलाल आबा बायकोची शिलाई मशीन हरले. तेव्हा आळीतल्या बायकांनी सगळ्यांना कानबाई देवीची शपथ घातली, की चालत्या पैशाने खेळायचं नाही. बिचाऱ्यांनी कित्येक वर्षं चिंचोक्यांवर काढली. मग सरकारने चाराणे बंद केले आणि यांचं नशीब उघडलं. चालत नाहीत, म्हणजे शपथेत बसतात. गावभरचे गेंडे त्या डब्यात आले.

आता ते नातीच्या गळ्यात होते.

"तोड तो हार," नाना म्हणाले.

"मग चिंचोके घ्या ना."

"बुलेटवरून उतरून गाढवावर बसू का?" नानांचा चेहरा खरंच उतरला होता. "झुलाल भुसावळहून येतो याच्यासाठी. वर्षातून एकदा."

झुलाल आबा दारातच उभे होते, हातात पिशवी. मृणालीला वाईट वाटलं. पण हार तोडायचा म्हणजे संध्याकाळी पुन्हा ओढणीआड.

"तोडणार नाही," ती म्हणाली. "मीच खेळायला बसते. हार आणि कानातले गेंडे माझ्या वाटणीला, बाकीची कर्णफुलं आणि कडी तुम्हाला. पण हे आता दागिने आहेत, म्हणून जो जिंकेल त्याने अंगावर घालायचे. खिशात टाकले की बाद. आणि उन्हं कलताना ज्याच्या अंगावर असतील, त्याचे."

"पोरी बठतीस का कधी पत्ता खेळाले?" झुलाल आबांनी विचारलं.

"शपथमा तसं काई नव्हतं," आतून रुक्माबाई म्हणाल्या.

खेळ झन्नामन्नाचा. एक पत्ता ठरवायचा, मग गड्डीतून एक आत, एक बाहेर असे टाकत जायचं. तो कुठे पडतो, त्यावर पैज. डोकं लागत नाही, नशीब लागतं, आणि मृणालीला वाटत होतं की ते हल्ली आपल्या घरीच राहतं. दुपारी नानांच्या हातात कडं होतं, तिच्या गळ्यात हार. चहानंतर वारं फिरलं. ती "आत" म्हणाली की पत्ता बाहेर. उन्हं कलेपर्यंत तिचे कान मोकळे, गळा मोकळा. सगळे गेंडे झुलाल आबांच्या अंगावर. धोतर, टोपी, कानांत तारेने अडकवलेली कर्णफुलं, छातीवर हार.

"आबा, एका संध्याकाळपुरता द्या ना हार."

"उमरमा पह्यला डाव जिकेल शे मी," आबा म्हणाले. "काढाव नही."

तिकडे नाल्यावर पोरींचा गलका सुरू झाला होता. मृणालीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तिने आबांकडे रागाने पाहिलं. मग नीट पाहिलं. आणि तिला हसू फुटलं.

"नका काढू. माझ्यासोबत चला."

"तठे बाप्या मानसं जातस नही."

"शंकर येतो ना गौराईला माहेराहून न्यायला?"

नानांनीच त्यांना मागून ढकललं.

नाल्यावर मामेबहिणींनी वाट करून दिली. मृणाली मोकळ्या गळ्याने पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली, शेजारी खणखणणारे झुलाल आबा. पलीकडच्या पोरी माना उंच करून बघायला लागल्या. मग सारिकाने कमरेवर हात ठेवले.

"मुकीने यंदा सर्कस आणली गं!"

मृणालीचा हात गळ्याकडे गेला. हार तर नव्हताच. पण तोंड उघडलं, आणि आवाज निघाला, तोही पलीकडच्या काठाच्या पलीकडे जाईल असा.

"सर्कस नाही गं, आमच्या गौराईचा शंकर आहे. नाग उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलेत, म्हणून गेंडे कामाला लावलेत. तुमच्या गौराईला न्यायला कोण आलंय, शेळी तरी आली का?"

दोन्ही काठ हसले. झुलाल आबांनी मान हलवून हार वाजवला. सारिकाने तोंड उघडलं, तोवर मृणालीने पुढचं सुरू केलं.