रेफ्रीबाईंच्या बॅगेतला प्रसाद

हो, मीच बोलतेय. नूपुर रेफ्रीची किट बॅग. बॅग कशी बोलते म्हणून डोळे मोठे करू नका. आमच्या घरात मंजुषाबाईंपुढे कुणाला तोंड उघडायला मिळत नाही, म्हणून तुमच्याकडे आले.

माझा जन्म फुकटातला. मंजुषाबाईंचे यजमान सारंगराव बँकेत साहेब, पुण्याहून बदलून कोलकात्याला आलेले. बँकेच्या वर्धापनदिनाला सगळ्या साहेबांना बॅगा वाटल्या, त्यातली मी एक. "आता रोज व्यायाम," म्हणत त्यांनी मला जिमला नेलं. दोनदा. मग बालीगंजच्या फ्लॅटच्या माळ्यावर जुने स्वेटर पोटात घेऊन मी पडून राहिले.

खाली उतरवलं ते नूपुरनं. त्यांची लेक, परीक्षा देऊन फुटबॉलची रेफ्री झालेली. पहिला सामना कोलकात्याजवळच्या बजबज गावात, ज्यूट मिलच्या मैदानावर. तिचं काम बघायला निरीक्षक येणार होते. त्यांनी नाक मुरडलं की पुढचा सामना मिळायचा नाही. सारंगरावांनी आधीच बजावलेलं, "हे जमलं नाही, तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास." बापाचं प्रेम बघा! लेकीनं शिट्टी वाजवायच्या आत क्लासची फी विचारून आले होते.

नूपुरनं मला नेमकं भरलं. काळे कपडे, बूट, शिट्ट्या, घड्याळ, नाणं, पिवळं नि लाल कार्ड. फुलासारखी हलकी होते मी. पोरगी आंघोळीला गेली आणि आईसाहेब आल्या. धपाट्यांचा डबा आला, चटणी आली, शाल आली, छत्री आली. वर माकडटोपी. कोलकात्यात चार हिवाळे काढले की माणसाला डिसेंबरात हिमालयात राहिल्यासारखं वाटतं.

मग त्यांना सुचलं, नवं काम आहे, अवजारांची पूजा नको? खंडेनवमीला विळीबरोबर मिक्सरही पुजणारी बाई ती! शिट्टी आणि कार्डं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. नैवेद्याला घरचा गूळ संपलेला. शेजारच्या घोषबाईंनी दिलेला खजुराचा पातळ गूळ होता, तो वाटीत घेतला. तुळशीचं पान त्यात बुडवून देवाला दाखवलं आणि दोन्ही कार्डांच्या मधोमध ठेवून कार्डं मिटली आणि माझ्या तळाशी सारली.

"प्रसाद आहे, लेकीजवळ राहील."

राहिला की. सुटेचना!

मैदानावर नूपुर डबा काढ, शाल काढ, टोपी काढ, करता करता घामेजली. तळाशी दडलेली कार्डं हाताला लागली तोवर बोलावणं आलं. पिवळं छातीच्या खिशात, लाल चड्डीच्या खिशात, असं घोकून शिकलेली पोरगी. घाईत दोन्ही एकाच खिशात कोंबून पळाली. मला रेषेबाहेर बाकाखाली ठेवलं, त्यामुळे पुढचा तमाशा मी पोटभर पाहिला.

मिलचा कप्तान श्यामसुंदर. त्यानं एका पोराला आडवा केला. नूपुरनं शिट्टी फुंकली, खिशात हात घातला आणि कार्ड उंच धरलं. श्यामसुंदरला दिसलं पिवळं. तो खांदे उडवून निघाला. तिच्या पाठीमागच्या लोकांना दिसलं लाल! निरीक्षकही नेमके तिकडेच बसलेले.

"लाल! बाहेर काढा त्याला!"

"डोळे फुटले काय रे? पिवळं आहे!"

दोन्ही बाजू मैदानात घुसल्या. पिवळंवाले आणि लालवाले एकमेकांच्या डोळ्यांची तपासणी करू लागले.

"ओ दिदी," श्यामसुंदर ओरडला, "कोनटा? लाल, ना हलुद?"

"आम्ही लाल पाहिलंय," दुसऱ्या संघाचा कप्तान म्हणाला. "आता लालच द्या."

नूपुरनं मान वर करून हातातल्या कार्डाकडे पाहिलं, पिवळ्याच्या पाठीला लाल चिकटलेलं. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, झालं, लागला क्लास. मोठ्यांदा ओरडणाऱ्याला खूश करून मोकळं व्हायचं, ही तर जगाची रीत. पण पोरीनं लांब शिट्टी मारली. दोन्ही कप्तानांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत कार्डं ओढून वेगळी केली. मधून गुळानं माखलेलं तुळशीचं पान निघालं. आता प्रसाद काही पायदळी टाकता येत नाही. तिनं तो तोंडात टाकला!



"हलुद," पिवळं कार्ड एकटंच वर धरून ती म्हणाली. "कार्डं चिकटली, ती चूक माझी. धक्का दिला, ती तुमची. चला, खेळा."

श्यामसुंदर आधी हसला, मग सगळी मिल हसली. लालवाले कुरकुरत रेषेबाहेर गेले.

सामना संपल्यावर निरीक्षक आले. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. "कार्डं दोन खिशांत ठेवायची, हे शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं, सर."

"मग पुढच्या रविवारी गार्डन रीचच्या सामन्यात तसं करून दाखवा."

घरी सगळी हकिगत ऐकून मंजुषाबाई म्हणाल्या, "बघ! पूजा केली म्हणून निभावलं." सारंगरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. क्लासचं नाव कुणी काढलं नाही.

आज रविवार. नूपुर दाराला कडी लावून मला भरतेय. बाहेरून आवाज येतोय, "अगं, एखादा लाडू तरी..."

"आई, मॅच बघायला चल. लाडू तिथं खाऊ घाल. बॅगेला हात लावायचा नाही."

 बाहेर कपाट उघडल्याचा आवाज. साडी निवडतायत वाटतं.

लोकहो, माया करा, पण ज्याची बॅग त्याला भरू द्या. चला, चेन ओढतेय पोरगी. तोंड मिटायची वेळ झाली.