चौथं दार

कुणी 'हवाई सुंदरी' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विमानाला आग लागली तर दार उघडून माणसं बाहेर काढायला आम्ही असतो, मिरवायला नाही! आणि कंपनीने खर्च वाचवायला दर विमानात आमच्यातलीच एक कमी केली. विमानाला दारं चार, आम्ही तिघी.

युनियनतर्फे आम्ही तिघीच मोठ्या साहेबांकडे गेलो. पुढे आमची अध्यक्ष, सगळ्यांची मावशी.

"बसा," साहेब म्हणाले.

मावशी उभीच राहिली. खोलीत शिरताच आम्ही सवयीने दारं बघून घेतली होती. मागच्या दारापुढे खुर्च्यांची थप्पी होती.

"आधी ते दार मोकळं करा."

साहेब हसले. "अहो, त्या दाराने कोण जातंय?"

"आग लागली तर तुम्ही."

साहेबांचं हसू मावळलं. आम्ही खुर्च्या उचलायला लागलो, तसे तेही कोट काढून हात लावायला आले. दार उघडलं. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

मग मावशी निवांत बसली.

"एका दाराला चार माणसं लागली, साहेब. आम्ही चार दारांना चार मागतोय."