भोंग्यावरून फर्मिनसाठी

हिवाळ्यात आमच्या गावात दोनच चुली पेटायच्या. एक माझी, दुसरी फर्मिनची. तरी गावच्या कचेरीतून चौकातल्या चार भोंग्यांवर सूचना द्यायचं काम माझ्याकडे आहे आणि मी ते सोडलेलं नाही. सरपंच राहतो तेरुएल शहरात. तो तिकडे उबेत बसून फोनवर मजकूर धाडतो आणि मी इथे घसा ताणून वाचते. झऱ्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नयेत. कुत्री मोकळी सोडू नयेत. चौकात फटाके फोडू नयेत.

"अगं विसी, चौकात फटाके कोण फोडतंय?" फर्मिन जेवायला आला की छेडायचा. "मी? ह्या गुडघ्यांनी?"

"तुझा काय भरवसा," मी म्हणायचे आणि त्याच्या ताटात लसणीवर परतलेला पावाचा चुरा वाढायचे. बायको गेल्यापासून तो दुपारचा माझ्याकडेच जेवायचा. त्यावर उन्हाळ्यात सुटीला येणारी माणसं वाट्टेल ते बोलतात. बोलोत मेली.

नोव्हेंबरात तो अंगणात पडला. मी दार ढकललं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मग सारागोसाहून त्याची मुलगी नूरिया आली आणि त्याला कायमचं घेऊन जायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. विचारतील कशाला? मी त्याची कोण?

निघायच्या दिवशी मला त्यांना निरोपबिरोप द्यायचा नव्हता, म्हणून सकाळीच कचेरीत येऊन बसले. खिडकीतून फर्मिनच्या घरापुढे नूरियाची गाडी दिसत होती, तिचं दार उघडं. तेवढ्यात नूरिया धापा टाकत जिना चढून आली.

"विसीमावशी, बाबा गाडीत बसतच नाहीयेत. पायरीवर बसून राहिलेत. म्हणतात, विसी सांगेल तसं करीन. तू नुसतं 'थांब' म्हणालीस ना, तर ते थांबतील." तिचे डोळे भरून आले. "मावशी, पुन्हा पडले तर गं?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू. एका शब्दाचं काम होतं. दुपारी परत दोन ताटं मांडली असती. पण ते निळे ओठ काही डोळ्यांपुढून हलेनात.

"खाली येऊन सांग ना त्यांना," नूरिया म्हणाली.

"समोरासमोर नाही जमायचं मला," मी म्हटलं आणि भोंग्याचं बटण दाबलं.

"फर्मिन, ऐक. थांबू नकोस. माझी काळजी करू नकोस. पोरीला छळू नकोस. आणि आता नाटकं करू नकोस, गाडीत बस."

तो उठला. कचेरीकडे बघत टोपी काढली, पुन्हा घातली. मला आतून वाटत होतं, हा हट्टी म्हातारा ऐकायचा नाही. शिव्या घालेल, घरात शिरेल, आतून कडी लावून घेईल. देवा, लावू दे रे त्याला कडी.

तो गाडीत बसला. नूरियाने मला घट्ट मिठी मारली आणि खाली पळाली.

गाडी दफनभूमीच्या वळणाआड गेली. तिचा आवाजही येईनासा झाला. मग मी पुन्हा बटण दाबलं.

"जाऊ नकोस रे," मी म्हटलं. चारही भोंग्यांनी ते बंद घरांना ओरडून सांगितलं.